देवगडला जायची सायकल

२ मार्च, रविवार

काल विनीता देवगडला गेली. शर्मिलाताईंकडे. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, त्यांचं आंब्याचं पॅकिंग असतं. सीझनमध्ये माणसं मिळत नाहीत, घरचं कुणी लागतं. एवढंच आहे.

दोन बॅगा आणि शिलाई मशीन घेऊन गेली. आई म्हणाली, मशीन कित्याक? मी म्हटलं, पॅकिंगमध्ये काहीतरी शिवायचं असेल. आई माझ्याकडे बघत राहिली. हल्ली तिला नीट दिसत नाही.

रिक्षात बसताना विनीता म्हणाली, “तुमी त्या खुर्चीत रुजलास. आता पाणी घातला तर पालवी फुटात.” मी हसलो. चांगला विनोद होता. ती हसली नाही, पण रिक्षा सुरू झाली होती.

खुर्ची म्हणजे दुकानातली. बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, सगळं काम बसूनच. मुद्दा मात्र पटला. शरीराला हालचाल नाही.

निश्चय : सायकल घ्यायची. रोज चालवायची. आणि सीझन संपायच्या आत मालवण ते देवगड सायकलने जाऊन विनीताला चकित करायचं. परत आणायला नव्हे, परत ती येणारच आहे. फक्त चकित करायचं.

४ मार्च

सिराजच्या दुकानात गेलो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता त्याचं सायकलचं दुकान माझ्या दुकानासमोरच्या गल्लीत. त्याला म्हटलं, कम्फर्टेबल सायकल हवी, देवगडपर्यंत जाईल अशी. त्याने एक निळी हायब्रिड पुढे केली आणि म्हणाला, “ही घे. डोळे मिटून घे.” विचारलं, हीच का? म्हणाला, कारण सध्या हीच आहे.

बाजारातून एक चक्कर मारली. छान. सीट बरी, हँडल बरं, गियर पडतात. जवळजवळ ठरलंच होतं. पण मच्छी मार्केटकडे पेव्हर ब्लॉक लागले आणि दात वाजले. उतरून सायकल हातात धरून आणली.

सिराजला सांगितलं, उद्या कळवतो. सायकल म्हणजे भाजी नव्हे.

९ मार्च

रस्त्यांचा अभ्यास सुरू.

आमच्या घरापासून दुकानापर्यंतच किती प्रकार! दारातून उतरायला चिऱ्यांची पाखाडी. पायऱ्याच त्या, पण काठाने सायकल उतरवता येते. मग लाल मातीची पाणंद. मग काँक्रीट, मग डांबर, मग खड्डे असलेलं डांबर, मग पेव्हर ब्लॉक. देवगडच्या वाटेवर चढ, उतार, सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे, जांभे दगड आणि शॉर्टकट घेतला तर किनाऱ्याची वाळू.

डांबराला बारीक टायर. वाळूला जाड टायर. दगडांना सस्पेन्शन. चढाला सस्पेन्शन नको, कारण मारलेलं पायडल स्प्रिंग खाऊन टाकते. म्हणजे जी सायकल एका ठिकाणी आरामाची ती दुसरीकडे जीव काढणार. लोक हे न बघताच सायकल कशी घेतात?

विनीताला फोन केला. उचलला नाही. देवगडला रेंजचा प्रॉब्लेम असतोच.

१५ मार्च

शिमग्याला विनीता येईल असं वाटलं होतं. आली नाही. आंबा शिमगा बघून थोडाच पिकतो.

सायकलमध्ये खरा प्रश्न सीटचा आहे असं आता लक्षात येतंय. टायर, गियर, फ्रेम हे सगळं सायकलचं. सीट आपली. म्हणून आधी जेलचं सीट कव्हर मागवलं. सीटवरून सायकल ठरवायची. उलटा विचार, पण फ्रेश आहे.

२० मार्च

कव्हर आलं. सायकल नसल्यामुळे दुकानातल्या खुर्चीवर लावून पाहिलं. अप्रतिम. दुपारी जेवायला घरी जायचं विसरलो.

२३ मार्च, सकाळी

आज वाळूची ट्रायल. सिराजकडे एक फॅट बाईक आली आहे, टायर मोटरसायकलएवढे. तो म्हणाला, “हीच घे. वाळयेर विमानासारखी जाता.” हायब्रिडबद्दल विचारलं तर म्हणाला, ती कसली सायकल!

२३ मार्च, दुपारी

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायचं काम चालू होतं. मी ओल्या वाळूवरून व्यवस्थित निघालो. लोक बघतायत म्हटल्यावर जरा स्पीड वाढवला. पुढे कोरडी वाळू लागली. चाक थांबलं, मी थांबलो नाही.

उठून सायकल ओढतोय तर लाट आली. पाण्यात फॅट टायर तरंगतात, ही माहिती कुठल्याही व्हिडिओत नव्हती. शेवटी दोघा रापणकरांनी दोर सोडून माझ्याकडे धाव घेतली. त्यांच्यातला महादू सगळ्यांना ओरडून विचारत होता, “आज जाळ्यात सायकल पण गावली काय रे?” किनाराभर हशा.

निष्कर्ष : वाळूतून जायचं नाही. हे शिकायला मिळालं, म्हणजे ट्रायल यशस्वी.

४ एप्रिल

विनीताने फोन उचलला. आवाज ताजा होता. मी तिला फ्रेम साइझ कशी मोजतात ते समजावून सांगितलं. सरप्राइझ म्हणून देवगडचं बोललो नाही. ती म्हणाली, “बरा. आणि?” आणि काय ते मला पटकन आठवेना. मागे मुली हसत होत्या. पॅकिंगच्या असाव्यात. मग तिला काम होतं.

फोन ठेवल्यावर आठवलं, घरातली मिक्सरची जार कुठे आहे ते विचारायचं होतं. ते सोडून काय काय बोलत बसलो.

१८ एप्रिल

सिराजकडे आणखी दोन सायकली चालवून पाहिल्या. एकीवर पाठ वाकते, एकीवर गुडघा छातीला लागतो. सिराज म्हणाला, “अरे हरी, तुका सायकल होया की पलंग?” मी शांतपणे सांगितलं, घाईत घेतलेल्या वस्तूचा पस्तावा होतो. तो म्हणाला, तुला पाहून पोरं आता सायकल घ्यायला येत नाहीत, गंमत बघायला येतात.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज घ्यायचीच असं ठरलं होतं. मुहूर्तच होता. सकाळी अंघोळ करून, नवा शर्ट घालून निघालो. दुकानापाशी ओमकार भेटला. हा कोल्हापूरचा, इथे स्कूबावाल्यांकडे काम करतो, स्वतः सायकलवर गोव्यापर्यंत जातो. त्याने एक शब्द सांगितला : ग्रॅव्हल बाईक. रोडची हलकी फ्रेम आणि जाड टायर. सगळ्या रस्त्यांना एकच सायकल!

सिराजला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मागवावी लागेल म्हणाला, किती दिवस लागतील सांगता येत नाही. मी म्हटलं, थांबेन. जी गोष्ट बरोबर आहे तिच्यासाठी माणसाने थांबावं.

संध्याकाळी आई म्हणाली, मुहूर्तावर सुपारी तरी आणायचीस.

११ मे

दिव्या आली. माझी मुलगी, पुण्याला शिकते. सुट्टी लागल्यावर आधी देवगडला आठवडाभर राहून मग इकडे. साहजिक आहे, आंबे तिकडे जास्त.

रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, आई सीझनपुरती गेलेली नाहीये.” मी म्हटलं, हो, या वर्षी सीझन लांबलाय. ती म्हणाली, बाबा, ऐका ना. मी तिला ग्रॅव्हल बाईकचा फोटो दाखवला. तिने मोबाइल उलटा करून ताटाजवळ ठेवला आणि माझा हात धरला. लहान असताना रस्ता ओलांडायला धरायची तसा.

एमबीए करतेय. त्या वयात सगळं स्पष्टच वाटतं.

१३ मे

दिव्या पुण्याला गेली. एसटी स्टँडवर म्हणाली, सायकल वगैरे नको, तुम्ही एकदा नुसते जा ना तिकडे, एसटीने. एसटीने! म्हणजे सगळ्या तयारीचं काय?

२४ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच. ग्रॅव्हल बाईक आलेली नाही. आली असती तरी पावसात नवी सायकल काढणार कोण? चेनला गंज धरतो. देवाने वेळ दिलाय असं समजून चालू.

२१ जून

आंबा संपून दिवस झाले. आज आईने विषय काढलाच. “आंबे सोपले रे झिला. आता काय बाठे मोजता ती?”

मी सांगितलं की कोयी कुणी मोजत नाही, पण सीझननंतर आवराआवर असते. क्रेट धुवायचे, शेड शाकारायची, बागेत खत. आई ऐकत होती. मग म्हणाली, तुझे वडील जहाजावर असायचे, पण कधी येणार ते सांगून जायचे. मला रागच आला. तुलना कशाची करायची याला काही मर्यादा आहे.

दुकानात गेलो. शाईचं कार्ट्रिज बदलताना शर्टभर डाग. हे काम विनीता करायची. ती कसं करायची ते मी कधी पाहिलं नाही, मी समोरच बसलेला असायचो.

९ जुलै

ओमकार देवगडला जाऊन आला. कौतुकाने सांगत होता की वहिनींनी बाजारात गाळा घेतलाय, शिवणाचा. क्लासही घेतात. बोर्ड लावलाय, ‘विनीता फॅशन्स’. मी म्हटलं, हो हो, माहीत आहे.

मला माहीत नव्हतं. पण पावसाळ्यात रिकामं बसून करणार काय? हात चालू ठेवायला माणूस काहीतरी काढतो. टेम्पररी.

टेम्पररीला बोर्ड लावतात का, हा प्रश्न दुपारपासून डोक्यात आहे. फ्लेक्सचा असेल. पावसात फ्लेक्स टिकत नाही.

१० जुलै

ओमकारला सहज विचारलं, बोर्ड फ्लेक्सचा आहे ना? पत्र्याचा, म्हणाला. रंगवलेला.

१९ जुलै

ग्रॅव्हल बाईक आली. सिराज आनंदात. चालवून पाहिली. हँडल खाली वाकलेलं, म्हणून मी वाकलेला, म्हणून मान अवघडली. मान वर करून रस्ता बघितला की खांदे दुखतात, खाली ठेवली की रस्ता दिसत नाही. ही माझी नव्हे. सिराजने ती आत नेऊन ठेवली. पूर्वी भांडायचा तरी.

परत निळ्या हायब्रिडपाशी गेलो. ती बिचारी अजून तिथेच. पेव्हर ब्लॉक सोडले तर तिच्यात तसं वाईट काय होतं? रुंद टायर टाकला, सीट कव्हर चढवलं, की झालं. मार्चमध्ये जे वाटलं तेच बरोबर होतं, म्हणजे माझी पारख चांगली आहे. गणपतीआधी घेतोच.

१२ ऑगस्ट

विनीताने स्वतःहून फोन केला! गणपतीला येते म्हणाली. म्हटलं नव्हतं? सगळे उगाच तोंडं पाडून बसले होते.

सायकलची घाई संपली. ती येणार म्हटल्यावर देवगडला जायचं कुणाकडे?

२६ ऑगस्ट, हरितालिका

आली. एकच बॅग. मी म्हटलं बाकीचं सामान मागून टेम्पोने येत असेल. विचारलं नाही, सणाचे दिवस.

घरात पाय ठेवल्यापासून कामाला लागली. गणपतीच्या वरची माटवी बांधली, तिला रानातली कवंडळं, आंब्याचे टाळे, सुपाऱ्या लावल्या. आई तिच्या मागे मागे फिरतेय. दुपारी शेजारणीशी बोलताना विनीता मोठ्याने हसली. ते ऐकून मी ताटं पुसत होतो ती दोनदा पुसली.

२९ ऑगस्ट

आज निवांत भेट झाली. मागच्या पडवीत ती नारळ खवत होती. म्हणाली, “ओ, जरा बसा. माका तुमच्यावांगडा बोलूचा आसा.”

बसलो. ती लगेच बोलली नाही. मलाही काही सुचेना. आणि गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून मी टायरमधल्या हवेचा विषय काढला. वाळूत हवा कमी लागते, डांबरावर जास्त, मातीवर मधली, म्हणजे एकाच प्रवासात हवा तीन वेळा बदलायला हवी. लोकांना हे ठाऊकच नसतं. तिने खवणी बाजूला ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “झाला?” मी म्हटलं, हो. ती उठून आत गेली.

मध्ये एकदाही तोडलं नाही. विषय तिला आवडलेला दिसतो.

तिला काय बोलायचं होतं ते मात्र राहिलं.

३१ ऑगस्ट

विसर्जन झालं. विनीता संध्याकाळी गेली. क्लासच्या मुली खोळंबल्यात म्हणाली. आईला मिठी मारली. आई रडली. मला म्हणाली, बीपीची गोळी चुकवू नका.

हे बोलताना तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणजे माया आहे. बटणाची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, सांगायची पण नाही.

३ सप्टेंबर

फोन करून विचारलं, त्या दिवशी पडवीत काय सांगायचं होतं? तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, “आता रवांदे.”

राहू दे म्हणजे काय? महत्त्वाचं नव्हतं म्हणून राहू दे, की आता उपयोग नाही म्हणून राहू दे? एकाच शब्दाचे किती अर्थ होतात. दुपारी कुणाच्यातरी सातबाराची झेरॉक्स दुसऱ्याच माणसाला दिली.

११ सप्टेंबर

जेवण जात नाही. आई पेज करून देते, तीही अर्धी राहते. दुकानात खुर्चीवर बसलो की उठवत नाही आणि उठलो की कुठे जायचं ते कळत नाही.

निश्चय : आता अभ्यास बंद. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी निळी हायब्रिड घ्यायची आणि रविवारी निघायचं. पत्र्याचा बोर्ड असो नाहीतर सोन्याचा.

१२ सप्टेंबर

निळी हायब्रिड गेली. काल संध्याकाळी दाताच्या डॉक्टरीण बाई, रुमाना म्हणून नव्या आल्यात, त्या घेऊन गेल्या. सिराज म्हणाला, त्या आल्या, बसल्या, घंटी वाजवून बघितली आणि घेऊन गेल्या.

मी तिची जागा बघत होतो. भिंतीवर टायरची एक काळी रेघ उमटली आहे. मला रडू आलं. सिराजला सांगितलं, ग्रीसच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, चहा सांगितला आणि शेजारी स्टुलावर बसला. चहा संपल्यावर म्हणाला, “भाबी येवची नाय, असा वाटता काय तुका?” मी म्हटलं, तसं काही नाही रे. सायकल गेल्याचं वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर

सायकल घेतली!

झालं असं, की सिराजच्या गोडाऊनमध्ये कोपऱ्यात गोणपाटाखाली एक लांबलचक लाल सायकल होती. दोन सीटची. दोन हँडल, चार पायडल. तारकर्लीच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याने पर्यटकांसाठी मागवली आणि नंतर नको म्हणाला. बघितली आणि गोणपाट पूर्ण ओढून काढलं. इतके महिने टायर बघितले, सीट बघितली, रस्ता बघितला. सीट किती हव्यात हेच बघितलं नव्हतं.

सिराज विकायला तयार होईना. म्हणजे हा माणूस मला सहा महिने मिळेल ती सायकल विकत होता, आणि आज नको म्हणतोय. “दोघांची आसा ती. तू एकटो चलवतलंस कशी?” मी त्याला समजावलं, जाताना एकटा, येताना दोघं. सरासरी काढली तर बरोबर बसतं.

जेल कव्हर मागच्या सीटवर लावलं.

आईने बघितली. म्हणाली, ही सायकल काय होडी? ठेवणार कुठे? मग मागच्या सीटवरून हात फिरवला आणि देवाकडे दिवा लावायला गेली.

२८ सप्टेंबर

सराव. वळत नाही. म्हणजे वळते, पण आधी कळवावं लागतं. पाणंदीत पुढचं चाक वळतं आणि मागचं चाक अजून आधीच्या रस्त्यावर असतं. पाखाडीवरून उतरवताना मी खाली आणि मागची सीट वर घराच्या उंबऱ्यावर अशी वेळ आली. पेव्हर ब्लॉकवर मागचं सगळं एकटंच वाजत येतं.

पण सरळ रस्त्यावर फार छान. आणि देवगडचा रस्ता तसा सरळच.

५ ऑक्टोबर, पहाटे

निघतोय. पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा, पंप. मनातल्या मनात वाक्य तयार केलंय : विनीता, चल घरी. सोपं आहे. तीनच शब्द.

६ ऑक्टोबर

कालचं सगळं लिहून ठेवतो.

कोळंबचा पूल पार होईपर्यंत उजाडलं. वारा समोरून. पहिल्या चढालाच कळलं की दोन माणसांची सायकल दोन माणसांच्याच वजनाची असते. उतरलो, ढकलायला लागलो. शेतातून भात कापणाऱ्या एका बाईने ओरडून विचारलं, “ओ, तुमचो दुसरो माणूस खंय पडलो?” मी हसून म्हटलं, पुढे गेलीय.

आचऱ्याला चहा घेतला. टपरीवर तोच प्रश्न. म्हटलं, येतेय मागून. टपरीवाल्याने खरंच रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, त्यांच्यासाठी पण चहा ठेवू? मला नको म्हणवेना. दोन्ही मीच प्यायलो.

पुढे कुणीतरी सड्यावरचा शॉर्टकट सांगितला. तिथे जांभ्या दगडावर सायकल अशी नाचली की मागची चेन दोनदा पडली. हात काळे, पॅन्ट काळी. मांडीच्या आत सोललं गेलं. सहा महिने आरामाच्या सीटवर डोकं खपवलं आणि ती सीट मी मागे लावलेली. पुढे मी नुसत्या प्लास्टिकवर. बदलता आली असती. पण ती तिची होती.

मिठबावला पुन्हा एकाने विचारलं, दुसरो खंय? या वेळी थांबलो नाही. नुसतं पायडल मारत राहिलो. तो म्हातारा मागून म्हणाला, “सांभाळून जा हां.”

पुढच्या चढावर पाय चालेनात. रस्त्याकडेला बसलो. बर्फ घेऊन जाणारा टेम्पो थांबला, त्यातल्या एजाज नावाच्या माणसाने न विचारताच सायकल वर घेतली. देवगडच्या जरा अलीकडे मी उतरवून घेतली आणि गावात स्वतः चालवत गेलो. म्हणजे मालवण ते देवगड सायकलने, मधला थोडा भाग सोडून.

‘विनीता फॅशन्स’. बोर्ड खरंच पत्र्याचा. निळ्यावर पांढरी अक्षरं. ती एका बाईचं माप घेत होती. मला बघितलं, सायकल बघितली. टेप हातात तसाच. त्या बाईला म्हणाली, जरा बसा हां, आमच्या घरचे आलेत.

पाणी दिलं. हात धुवायला साबण दिला. मग दारात येऊन सायकलभोवती फिरली. मागच्या सीटपाशी थांबली. मी माझं वाक्य काढलं. तोंडातून आलं, “मागची सीट जेलची आहे.”

ती कितीतरी वेळ सीटवर हात ठेवून उभी होती. मग हळू बोलली. “मी येवचंय नाय ओ. रागान नाय सांगत. त्या दिसा पडवीत ह्याच सांगूचा होता. हयसर माका बरा वाटता.”

मी विचारलं, मी काय केलं? ती म्हणाली, “तुमी काय्येक केलास नाय.” आणि डोळे पुसले. मी आधी सुटकेचा श्वास सोडला. मग कळलं तिला काय म्हणायचं होतं ते.

तिने जेवण वाढलं, भात, बांगड्याचं तिखलं. मी सगळं जेवलो. कितीतरी दिवसांनी. ती समोर बसून होती. टायरबद्दल काही बोललो नाही. तिला विचारलं, किती मुली येतात क्लासला? ती सांगत गेली. कोण हुशार, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाला मशीनची भीती वाटते. हे सगळं मला आवडलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

मालवणची गाडी संध्याकाळी. माझ्याने सायकल चालवेना. म्हणाली, तुम्ही मागे बसा. साडी खोचून ती पुढे बसली आणि मला स्टँडवर घेऊन गेली. मागच्या हँडलला वळण नसतं, ते नुसतं धरायला असतं. ब्रेकही नाही. माझ्यासमोर तिची पाठ. ती मध्येच म्हणायची, “खड्डो,” आणि खड्डा यायचा. “गतिरोधक,” आणि तो यायचा. एकदाही चुकली नाही. इथले सगळे खड्डे तिला पाठ झालेत.

सीट खरंच आरामाची आहे.

एसटीत कंडक्टरने सायकल घेतली नाही. एवढी लांब आत येणार कुठे? विनीता म्हणाली, राहू दे इथेच. मी खिडकीतून हात केला. तिने घंटी वाजवली. दोन हँडल असली तरी घंटी एकच आहे, पुढे.

१४ ऑक्टोबर

सिराजने विचारलं, सायकल खंय? म्हटलं, देवगडला आहे.  आज त्याने एकाही सायकलचं नाव काढलं नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. दिव्या देवगडला गेली होती, तिने फोटो पाठवला. लाल सायकल, पुढे विनीता, मागे शर्मिलाताई. ताईंचे पाय पायडलवर नाहीत, दोन्ही बाजूंना फाकवलेत. दोघी एवढ्या हसतायत की फोटो हलला आहे. मी तो मोठा करून करून बघितला. आईला दाखवला. आई म्हणाली, बरी दिसता.

दुपारी दुकानात एक बाई आली. रेशनकार्डाची झेरॉक्स हवी होती. इकडेतिकडे बघत म्हणाली, वहिनी दिसत नाहीत, कधी येतील?

मी म्हटलं, येणार नाही. ती देवगडला असते. तिचं तिथे दुकान आहे.

बाई म्हणाली, “असा काय? बरा.” आणि म्हणाली, पाठपोट करा, एका कागदात होईल.

करून दिली.